गोफण गेली, लेझीम राहू द्या



रब्बीचे खळे आटोपले, ज्वारी पोत्यांत गेली, कडब्याच्या गंजी लागल्या, की गावोगावी जत्रांचे दिवस येतात. देवळात बैठक बसते आणि वर्गणीची वही उघडते. पालखी, नैवेद्य, कुस्त्यांचा फड, मंडप, करमणूक अशी खर्चाची एकेक कलमे मांडली जातात. त्यांतले एक कलम अलीकडे अगदी शेवटी येते आणि बऱ्याच गावांत येतच नाही. ते म्हणजे गावची लेझीम, लाठी, बनेटी आणि त्यांचा सराव. त्या एका कलमाविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने बियाणे, खत, कीड यांवर बोलावे. लेझीम त्याच्याकडे कुठून आली? विचारणे रास्त आहे. पण गावोगाव हिंडताना मी जेवढी पिके पाहिली तेवढेच हात पाहिले. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात, उसाची मोळी बांधणाऱ्याचा हात, वासराच्या तोंडाशी बाटली धरणाऱ्या पोराचा हात. हा विषय मला हातांचाच वाटतो, म्हणून लिहितो.

पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांनी लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवली असेल. आठवून पाहा. दोन दोऱ्या, मध्ये विणलेली खोबण. एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरी दोरी अंगठ्याखाली धरायची. खोबणीत खडा ठेवून डोक्याभोवती फिरवायची आणि नेमक्या क्षणी अंगठा उचलायचा. तो क्षण जरा चुकला तर खडा पाखरांकडे न जाता शेजारच्या रानात जातो. त्या वेळी तुम्ही हाताकडे पाहत होता का? नाही. नजर पाखरांच्या थव्यावर असे आणि अंगठ्याचे अंगठ्याला कळत असे.

माय-बहिणींनी सुपाची गोष्ट आठवावी. सूप पुढे झटकले की दाणा उडतो, हलका कोंडा पुढच्या काठावरून बाहेर जातो आणि जड दाणा फिरून मागे येतो. गोल घोळले की खडे वेगळे होतात. वारा पडला तर झटका वाढवायचा, वारा सुटला तर आवरायचा. किती, हे कुणी मोजून सांगत नाही. ते मनगटाला ठाऊक असते. गुरामागे जाणारे पोर दिवसभर काठी बोटांतून फिरवत बसे. पोरी सागरगोटे खेळत. कुंपणावरच्या काटेरी गजग्याच्या वेलीच्या करड्या, टणक बिया त्या. एक बी वर उडवायची, ती हवेत आहे तोवर खालच्या दोन उचलायच्या आणि वरची खाली येताना झेलायची. मग तीन उचलायच्या, मग चार. परदेशात तीन-तीन, पाच-पाच चेंडू हवेत नाचवणारे लोक टाळ्या घेतात. आपल्या पोरी ओट्यावर बसून त्याच जातीचे कसब रोज करत होत्या आणि आया त्यांना "उठा आता, दिवेलागण झाली" म्हणून रागावत होत्या.

यांतल्या कशाचीही शाळा नव्हती. शेतीचे आणि घरचे काम हीच शाळा होती. आता ज्वारीऐवजी ऊस आणि सोयाबीन आले, माळे गेले, माळ्याबरोबर गोफण गेली. मळणी यंत्रात होते. धान्य निवडून येते, सूप भिंतीवर टांगलेले राहते. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. मळणीयंत्राची प्रात्यक्षिके मी स्वतः लावली आहेत आणि पाठ मोडेपर्यंत राबा, असे मी कुणालाही सांगणार नाही. पण यंत्राने श्रम नेले, तेव्हा त्या श्रमातून फुकट मिळणारे हाताचे शिक्षणही नेले. ही वजाबाकी कुणी वहीत लिहिली नाही.

मग ते शिक्षण आता गावात उरले कुठे? पंचमीच्या फुगडी-झिम्म्यात थोडे, आणि जत्रेतल्या रिंगणात. म्हणून ते रिंगण मोलाचे.

लेझीम तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत खुळखुळणाऱ्या चकत्या. मुळात हे धनुष्याचेच रूप. दोरीच्या जागी साखळी लावून ते ओढण्याचा व्यायाम करीत. शब्दही फारसीतून आलेला आहे. आपल्या तालमींनी आणि शाळांनी त्याला हलगीवर, ढोल-ताशावर आणले आणि एकट्याचा व्यायाम शंभर जणांचा खेळ झाला. बनेटी म्हणजे दोन्ही टोकांना गोळे बांधलेली काठी. दिवसा नुसती फिरवतात, रात्री गोळे पेटवून फिरवतात, आणि अंधारात फिरवणारा दिसतच नाही, नुसते आगीचे चक्र दिसते. तिच्याच पंक्तीत लाठी आणि दांडपट्टा. कोल्हापूरकडच्या तालमींनी हे मर्दानी खेळ जपून ठेवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मान मिळाला, चांगले झाले. पण पट्टा भिंतीवर टांगून फिरत नाही. त्याला फिरवणारा हात लागतो, आणि तो हात कुठल्याही शासन निर्णयाने तयार होत नाही.

आपल्या लेझमीने फार मोठी मैदाने पाहिली आहेत. १९८२ साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा उद्घाटनाच्या सोहळ्यात सांगलीकडच्या मुलांनी लेझीम खेळून दाखवली. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीतच ७ हजारांहून अधिक जणांनी एकाच वेळी लेझीम खेळून जागतिक विक्रम केला. हे अभिमानाचे आहेच. पण वाचकहो, ७ हजारांचा विक्रम एका दिवसाचा असतो. गावच्या चाळीस जणांचे रिंगण दर वर्षी लागते की नाही, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

हे वेड फक्त आपल्यालाच आहे, असे समजू नका. न्यूझीलंडमधले माओरी लोक 'पोई' खेळतात. दोरीच्या टोकाला हलका गोळा बांधून तो गाण्याच्या ठेक्यावर अंगाभोवती फिरवायचा. पूर्वी हा गोळा पाणथळीत वाढणाऱ्या पाणकणसाच्या पानांचा आणि तिथल्या रानातल्या तागासारख्या धाग्याचा करीत. म्हणजे तेही शिवारातूनच आलेले. युरोपात चेंडू उडवणाऱ्या हौशी लोकांचा मेळा भरतो. १९७८ साली इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी पहिला मेळा भरला तेव्हा जेमतेम ११ माणसे होती. पुढे तो दर वर्षी वेगळ्या देशात भरू लागला आणि हजारो लोक जमू लागले. या मेळ्याची रीत ऐकण्यासारखी आहे. तिथे नुसते बघायला फारसे कुणी येत नाही. जो तो आपापले चेंडू आणि काठ्या घेऊन येतो. पाच चेंडू येणारा तीन चेंडूवाल्याला शिकवतो आणि स्वतः सातवाल्यापाशी जाऊन उभा राहतो. आपल्या तालमीची रीत याहून वेगळी नव्हती.

आणखी एक गोष्ट. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी २४ माणसांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना तीन महिन्यांत तीन चेंडू हवेत खेळते ठेवायला शिकवले, निम्म्यांना काहीच शिकवले नाही. आधी आणि नंतर सर्वांच्या मेंदूची चित्रे घेतली. शिकलेल्यांच्या मेंदूत हलती वस्तू टिपणारा भाग वाढलेला दिसला. पुढे तीन महिने सराव बंद ठेवला, तेव्हा ती वाढ पुन्हा ओसरली. शिकणारी माणसे मोठी होती, शाळकरी पोरे नव्हती. म्हणजे मोठेपणीही हात शिकतो, हाताबरोबर मेंदू शिकतो, आणि सराव सोडला की दोघेही विसरायला लागतात. जमीन पडीक टाकली की हरळी माजते, तसेच हे.

आता आमच्या तालुक्यातल्या एका गावाची हकिगत सांगतो. नाव सांगत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत.

त्या गावात पंचाहत्तरी गाठलेले एक वस्ताद होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. दोन एकर जिराईत, एक म्हैस आणि बनेटीचे अकरा हात, एवढी त्यांची दौलत. हात म्हणजे फिरवण्याचा एकेक प्रकार. त्यांच्या वस्तादाने त्यांना दिलेला. गावची लेझीम सात-आठ वर्षांपूर्वी थांबली होती. त्या जागी भिंतीएवढे आवाजाचे डबे आले होते. पेरणीपूर्व बैठकीसाठी मी गावात गेलो होतो. बीजप्रक्रियेचे बोलणे आटोपल्यावर तिथेच जत्रेची बैठक सुरू झाली आणि चहा यायचा होता म्हणून मी बसून राहिलो.

तात्या म्हणाले, "यंदा लेझीम काढू."

एक तरुण उभा राहिला. पोरगा चांगला, ठिबकवर केळी करणारा. तो म्हणाला, "तात्या, पोरं पुण्यास्नं, मुंबईस्नं दोन दिसांसाठी येत्यात. त्यास्नी नाचायचं असतंय. लेझीम कुणाला येतीया? येत न्हाई त्यानं नुसतं उभं राहून बघायचं व्हय?"

बैठक गप्प झाली. त्याचे बोलणे खोटे नव्हते. लेझीम न येणाऱ्याला जत्रेत जागा कुठली, हा खरा पेच होता. डब्यांपुढे नाचायला काही यावे लागत नाही, म्हणून तिथे सगळ्यांना जागा होती.

तात्या थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन रिंगणं करू. आतलं येणाऱ्यांचं, बाहेरचं न येणाऱ्यांचं. आतल्यानं बाहेरच्या एकाला धरायचं. त्यो चुकंल, चुकू दे. चुकला म्हणून ज्यो हसंल, त्येला आतनं बाहेर काढायचा."

एवढ्यावर ठरले. आवाजाचे डबे एकच रात्र आणि तेही दहापर्यंत, बाकी लेझीम. शाळेच्या खोलीत धूळ खात पडलेल्या लेझिमी काढल्या. गंज पुसला, साखळ्यांना तेल लावले, फुटलेले दांडे गावच्या सुताराने बदलून दिले. रोज संध्याकाळी धारा काढून झाल्यावर देवळापुढे सराव सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात मोजून नऊ पोरे आली. गावात पोरे होतीच किती? मग मुख्याध्यापकांनी आठवी ते दहावीच्या मुली पाठवल्या. त्यावर कुजबूज झाली, "पोरीबाळींनी चवाठ्यावर लेझीम धरायची व्हय?" उत्तर तात्यांच्या घरातूनच आले. त्यांची मंडळी, गावाच्या आक्का, शेणाची पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "पंचमीला आम्ही रात-रात फुगडी खेळलो, तवा कुणाचं काय बिघडलं? हातात साखळी आली म्हणून आत्ताच बिघडतंय व्हय?" पुन्हा कुणी विचारले नाही.

चार आवाज, आठ आवाज, पवित्रा, बैठक असे एकेक बसत गेले. जत्रेच्या दिवशी बाहेरचे रिंगण आतल्याच्या दुप्पट होते. पुण्याहून आलेल्या पोरांनी पहिल्या संध्याकाळी पायात पाय अडकवले, दुसऱ्या संध्याकाळी आठ आवाज धरले. केळीवाला तरुण हलगीच्या अगदी पुढ्यात होता. रात्री तात्यांनी एकदाच, थोडा वेळ, बनेटी पेटवली. उजवा खांदा वर जात नव्हता, तरी सगळे अकरा हात दाखवले. मोबाईल वर करून सगळ्यांनी ते टिपले.

त्यानंतर दहावीतल्या एका मुलीने आणि ट्रॅक्टरवरच्या एका पोराने तात्यांना गाठले आणि बनेटी शिकवा म्हणून हट्ट धरला. पावसाळाभर शिकवणे चालले. आधी साधी वेताची काठी, मग टोकाला ओल्या कापडाचे गोळे, शेवटी आग. तात्या एक हात पक्का झाल्याशिवाय दुसरा देत नसत. सात हात देऊन झाले. कार्तिकात तात्या गेले.

चार हात त्यांच्याबरोबर गेले.

मी त्या मुलीला म्हणालो, "मोबाईलमध्ये सगळे अकरा आहेत ना?" तिने ते चित्रण काढून दाखवले. काळोख, आणि काळोखात फिरणारी आगीची चक्रे. दिसायला सुंदर. पण तळवा कुठे पालथा होतो, काठी कोणत्या बोटावरून सुटते, अंगठा केव्हा उचलतो, यांतले काहीच दिसत नाही. ती म्हणाली, "साहेब, आग दिसतीया, हात दिसत न्हाई." ट्रॅक्टरवाल्याने आणि तिने महिनाभर ते पुन्हा पुन्हा पाहिले. आठवा हात तिने स्वतःच्या मनाने बसवला आहे. लोक त्याला तात्यांचा आठवा म्हणतात. ती दर वेळी सांगते, "तात्यांचा न्हाई ह्यो, माझा हाय." आता ती बारावीत आहे आणि देवळापुढे लहान पोरांना सात अधिक एक असे आठ हात शिकवते.

बंधू-भगिनींनो, बियाण्याची एखादी जात शेतातून गेली तरी कुठल्या तरी संशोधन केंद्राच्या शीतगृहात मूठभर सापडण्याची आशा असते. हाताचे कसब असे साठवता येत नाही. ते एका मनगटातून दुसऱ्या मनगटातच जाते आणि त्यासाठी दोघे समोरासमोर उभे असावे लागतात. तुमच्या गावात असा एखादा तात्या अजून असेल, एखादी आक्का असेल, तर घाई करा, एवढेच माझे सांगणे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जत्रेच्या दोन महिने आधी सराव धरा; आठ दिवसांत रिंगण उभे राहत नाही. शाळेत लेझिमी पडून आहेत का ते आधी पाहा, नव्या नंतर घ्या. लहान मुलांना हलक्या दांड्याची लेझीम द्या. प्रत्येक जाणत्याशी एक नवखा बांधून द्या. हलगी वाजवणाऱ्याला मानधन ठरवून द्या. तो रिंगणाचा कणा आहे, त्याला नुसत्या नारळावर बोळवू नका.

बनेटीची आग हे पोरखेळाचे काम नाही. वर्षभर कोरड्या काठीवर हात बसल्याशिवाय आग लावू नये आणि जाणता माणूस जवळ असल्याशिवाय तर नाहीच. पेट्रोल कधीही वापरू नये. त्याचा भडका हाताबाहेर जातो. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉनचे नकोत. पदर, ओढणी, मोकळे केस बांधून घ्यावेत. पाण्याची घागर आणि ओली पोती हाताशी असावीत. आणि जागा कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून, खळ्यापासून लांबची निवडावी. वाऱ्याच्या दिवशी आग पेटवूच नये.

आवाजाबद्दलही दोन शब्द. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणावारी ठराविक दिवस सूट मिळते, तीही रात्री १२ पर्यंतच. पण नियमाची गोष्ट सोडा, गोठ्याची गोष्ट घ्या. जनावर घाबरले की ते पान्हा चोरते. भीतीने शरीरात जो स्राव होतो तो पान्हा सोडणाऱ्या स्रावाला अडवतो. रात्रभर भिंती हादरल्या, तर सकाळी म्हैस आटवल्यासारखी का उभी राहते, ते यावरून कळेल. लेझमीचा खुळखुळाट आणि हलगीचा कडकडाट काही मुका नसतो, पण तो घटकाभराने थांबतो आणि माणसांबरोबर पुढे जातो.

गोफण परत आणा असे मी म्हणत नाही. ज्या कामासाठी ती होती ते काम संपले. पण ज्या मनगटाने ती फिरवली ते मनगट पोरांना मिळायला हवे असेल, तर आता ते काम जत्रेच्या रिंगणालाच करावे लागेल. त्याला फार पैसा लागत नाही. दोन महिन्यांच्या संध्याकाळी लागतात, आणि चुकणाऱ्याला हसायचे नाही एवढा एक नियम.

जत्रा लांब असेल तर तोवर एक करा. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या आजीपुढे पाच सागरगोटे ठेवा. गजग्याच्या बिया नसतील तर चिंचोके चालतील. "कसं खेळायचीस ते दाखव" म्हणा. ती आधी "जा रे, आता काय" म्हणेल. मग एक वर उडवेल. तिच्या डोळ्यांकडे नको, मनगटाकडे पाहा, आणि मग तुमचा हात पुढे करा.